मालकाच्या रकान्यात

यांनी फुलांचा गुच्छ घेतला तेव्हा सभागृहातल्या एकसष्ट बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी यांची ओली छत्री धरून तिसऱ्या रांगेत बसले होते. मलाही टाळ्या वाजवायच्या होत्या, पण छत्री ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या बाईंनी व्यासपीठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "तुम्ही यांच्याकडे कामाला का?" मी हो म्हटलं. (विचार केला तर खोटंही नव्हतं.)

ताई, नमस्कार राहिलाच. मधूनच सुरुवात झाली, कारण आठवडाभर डोक्यात हेच चालू आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? आईंची तब्येत बरी आहे. कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत, हे त्यांनीच लिहायला सांगितलं. मागचं पत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवलंत, ते पोचलं. बावीस चुका, त्यातल्या दोन चुका नव्हत्या, पण शाळेत शिकवणं सोडून तुम्हाला अकरा वर्षं झाली, तेव्हा दोन माफ. फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी "आई बऱ्या आहेत" म्हटलं ते तुम्ही "आई बाहेर आहेत" असं ऐकलंत आणि या वयात तिला एकटीला कुठे सोडलंस म्हणून मला फैलावर घेतलंत. आई तेव्हा माझ्या शेजारी बसून टेप गुंडाळत होत्या.

आमच्या रस्त्याच्या टोकाला कापडाचं जुनं गोदाम होतं ते तुम्ही पाहिलंय. तिथे आता महिला उद्योग केंद्र आहे. खाली सभागृह, वर बारा गाळे. गाळ्यात दारापासून खिडकीपर्यंत पुरेल असं टेबल आणि जाड कामाचं मशीन. त्या मशीनवर ताडपत्रीच्या चार घड्या एका दमात शिवून होतात. (माझ्या मशीनवर दोन घड्या होतात, तिसरीला सुई तुटते, चौथीला माझा धीर.) कव्हरं शिवायला लागून मला नऊ वर्षं झाली. आधी मिक्सर, मग स्कूटर, मग दुकानांचे काउंटर. आता ट्रकवाले येतात. एका ट्रकची ताडपत्री आमच्या खोलीत पसरली की ती स्वयंपाकघराच्या ओट्याखालून निघून पलंगावरून जाते आणि दाराबाहेर हातभर उरते. तेवढे दिवस कोणाला आत यायचं असेल तर चप्पल काढून माझ्या कामावरून चालत यावं लागतं. गेल्या महिन्यात यांचा शर्ट दोरीवरून घसरून त्या पसाऱ्यात पडला. मी कडेची दुमड घालत होते. दुमडीत बाही गेली ते मला कळलं नाही, मशीनलाही कळलं नाही. ट्रक गेला. यांनी तीन दिवस शर्ट शोधला आणि तिन्ही दिवस शेजाऱ्यांकडे संशयानं पाहिलं. चौथ्या दिवशी ट्रकवाला परत आला. चारशे किलोमीटर तो शर्ट बाहीला लटकून मागे फडफडत गेला होता, आणि वाटेत दोन नाक्यांवर त्याला "मागे कुणाला बांधलंय?" असं विचारलं होतं. शर्ट त्यानं कापून काढला. बाही ताडपत्रीतच आहे. शिवण इतकी पक्की होती की उसवायला त्याचं मन होईना. (याला मी कौतुक समजले. हे समजले नाहीत.)

म्हणून मला गाळा हवा आहे, ताई. हे एक वाक्य मी सरळ लिहिते, बाकीचं वाकडंतिकडं जाईल.

अकरा गाळे भरलेत. बारावा या महिन्याअखेर रिकामा होतोय, कारण तिथली पिशव्यावाली मोठ्या जागेत चालली. गाळा कुणाला मिळतो याचा नियम दारावर लावलाय: व्यवसाय तीन वर्षं बाईच्या मालकीचा असला पाहिजे. मला वाचून हसू आलं होतं. नऊ वर्षं झालेल्या बाईला तीनची काय भीती.

आता गुच्छाकडे येते. वर्षापूर्वी मी केंद्रात नाव नोंदवायला गेले होते. खिडकीत एक बाई बसतात, मान वर न करता बोलतात. त्यांनी विचारलं, "धंदा?" मी म्हटलं, कव्हरं. "किती वर्षं?" मी म्हटलं, आठ. "मालक?" मी म्हटलं, ते कामावर गेलेत. त्या म्हणाल्या, "कुठे गेलेत ते नको. नाव सांगा." मी यांचं नाव सांगितलं. आता यात चूक कोणाची, तुम्ही सांगा. लग्न झाल्यापासून ज्या बाईनं मला "तुमचे मालक काय करतात?" असं विचारलं तिला मी "पाणीखात्यात मीटर वाचतात" असंच सांगत आले. दुकानाचा मालक निराळा आणि माझा निराळा हे मला समजतं. पण खिडकीपुढे उभं राहिलं की कानात जे नेहमीचं असतं तेच आधी जातं. त्या बाईंनीही लिहिताना डोळे वर केले नाहीत. महिला उद्योग केंद्रात, महिलेनं, महिलेसमोर उभं राहून पुरुषाचं नाव मालकाच्या रकान्यात घातलं आणि दोघींनाही खटकलं नाही. मी पावती घडी घालून डब्यात ठेवली. वाचली नाही. (तुम्ही असता तर लाल शाईनं वाचली असती.)

वर्षभर काही बिघडलं नाही. उलट चांगलंच झालं. ताडपत्रीची गिरणी अख्ख्या गठ्ठ्याखाली बोलत नाही आणि अख्खा गठ्ठा माझ्या दारातून आत येत नाही. केंद्रातल्या पाच जणींनी मिळून गठ्ठा आणला आणि सभागृहात कापून वाटून घेतला. एक मशीन-दुरुस्तीवाली आहे, कानाला तेलाचा डाग लावून हिंडते. तिनं माझ्या मशीनचा पट्टा बदलून दिला आणि मी तिच्या अवजारांची पिशवी शिवली. आम्हाला हे सगळं शेजारधर्म वाटत होतं. मग केंद्रात शिकवायला चष्म्याच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, याला परिसंस्था म्हणतात. त्यांनी फळ्यावर तळं काढलं, तळ्यात बेडूक, बेडकाभोवती माशा, आणि म्हणाल्या, "तुम्ही बेडूक आहात." आम्ही ऐकून घेतलं. मग प्रत्येकीला कागद दिला. मधल्या गोलात स्वतःला लिहा, भोवती ज्यांच्यावर धंदा उभा आहे त्यांना लिहा, आधाराला हिरवा खडू, अडथळ्याला लाल. मी चेन-सुया विकणारा चेनवाला लिहिला, मशीनवाली लिहिली, जिच्या फोनवर माझे निरोप येतात ती खालची शिंपीण लिहिली. मग आईंना लिहिलं. पाच मीटर मोजायचं तर टेपचं दुसरं टोक कोणीतरी धरायला हवं, ते आई धरतात. पलंगाच्या कडेला बसून टोकावर अंगठा दाबून ठेवतात. भेटायला येणाऱ्याला सांगतात, "मी शून्य सांभाळते." गेल्या चार वर्षांत शून्य एकदाही हललं नाही. पण गिऱ्हाईक आलं की "ही संध्याकाळपर्यंत काही देणार नाही, तिच्या बोलण्यावर जाऊ नका" असंही त्याच सांगतात. तेव्हा मी अर्धा गोल हिरवा आणि अर्धा लाल केला. मॅडम म्हणाल्या, एकच रंग निवडा. मी म्हटलं, तुम्ही आमच्या घरी या. आणि यांना कुठे लिहायचं ते मला सुचेना, म्हणून गोल काढून ठेवला आणि कोरा सोडला. कागद जमा करायची वेळ झाली.

तर गेल्या आठवड्यात वार्षिक मेळावा होता. हे येणारच नव्हते. पण नमुन्याची कव्हरं जड होती आणि पाऊस होता, म्हणून रजा टाकून आले. मॅडमनी पुकारलं, "कव्हर उद्योगाचे मालक," आणि यांचं पूर्ण नाव. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे कुजबुजले, "नवऱ्यांचा पण सत्कार असतो वाटतं," आणि छत्री माझ्या हातात देऊन वर गेले. बाकी कुठलाही नवरा वर गेला नाही हे आम्हाला दोघांनाही नंतर सुचलं. गुच्छ झाला, टाळ्या झाल्या, मग मॅडम म्हणाल्या, दोन शब्द बोला. तुमचा भाऊ कसा बोलतो ते तुम्हाला माहीत आहे. मीटरचा आकडा सांगावा तसा. ते म्हणाले, "मी काही करत नाही. सगळं हीच करते. मला शिवता येत नाही. एवढंच." आणि थांबले. सभागृह हसलं. टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जास्त. मॅडमनी माइक घेतला आणि म्हणाल्या, पाहा, उद्योजकाकडे ही नम्रता हवी, स्वतः काही न करता काम वाटून देणं यालाच नेतृत्व म्हणतात. मग फळ्यावर "वाटून देणे" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.  आजवर यांनी सभेत पहिल्यांदाच खरं बोलून पाहिलं, त्याचं हे झालं.

मी उठून सांगायला हवं होतं. उठले नाही. आठवडाभर मी याचाच विचार करतेय. लाज म्हणावी तर लाज वाटली नव्हती. यांचे कान लाल झाले होते आणि हे बरेही दिसत होते, आणि मला वाटलं, राहू दे थोडा वेळ. असं मी किती ठिकाणी म्हटलं असेल, मला आठवेना.

काल खिडकीवर जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे तुम्ही मालक?" दोन अर्ज असतात, ताई. एक हस्तांतरणाचा. आताच्या मालकानं लिहून द्यायचं की व्यवसाय मी पत्नीला देत आहे. सोपा आहे, एक सही. पण त्या तारखेपासून माझी मालकी सुरू होणार, म्हणजे गाळ्यासाठी आणखी तीन वर्षं. दुसरा दुरुस्तीचा. त्यात नोंदलेल्या मालकानं स्वतःच्या हातानं लिहायचं, "या व्यवसायाचा मालक मी कधीही नव्हतो." मग जुनी सगळी वर्षं माझी धरतात. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

मी घरी येऊन दोन्ही अर्ज यांच्यापुढे ठेवले. यांनी पहिला उचलला. चेहरा उजळला. म्हणाले, "अगं, एवढंच ना? तुझ्या नावावर करून देतो. देऊन टाकतो सगळा."

"काय देऊन टाकता?"

"धंदा."

"कुणाचा?"

हे हात धुवायला गेले. (हात स्वच्छ होते.) परत येऊन त्यांनी दुसरा अर्ज वाचला आणि म्हणाले, "कधीही नव्हतो हे जरा जास्त होतं. नव्हतो, इतकं पुरे की." मग म्हणाले, पाणीखात्यातले लोक आता त्यांना मालक म्हणून हाक मारतात. केंद्राच्या पत्रकात फोटो आला, तो कोणीतरी हजेरीच्या वहीशेजारी लावलाय. साहेबांनीसुद्धा परवा विचारलं, "काय मालक, आज कोणत्या गल्लीत?" एकवीस वर्षं हे लोकांच्या दारात जाऊन वाकून आकडे टिपतात आणि कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. हे मला माहीत होतं. पण यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि मग म्हणाले, "आणि मी काहीच नाही का केलं? दर शनिवारी सुया कोण आणतं?" हे खरंच आहे. चेनवाल्याच्या गल्लीत यांचे मीटर आहेत. नऊ वर्षांत मला सुईसाठी बाहेर जावं लागलं नाही. तेव्हा तो कोरा गोल कशानं भरायला हवा होता ते मला त्या क्षणी कळलं. पण कागद मॅडमकडे आहे आणि अर्जात सुयांना रकाना नाही.

आईंचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, "मालक मी. घर माझ्या नावावर आहे." पुढे त्यांनी चर्चा बंद केली.

अडलंय ते सातव्या प्रश्नाशी. दुरुस्तीच्या अर्जात विचारलंय, व्यवसायाचं पहिलं साधन कोणाचं होतं व ते कोणाकडून मिळालं. पहिलं साधन म्हणजे तुमचं मशीन. मी लिहिलं, "नणंदेनं मला दिलं." हे खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "ताईनं मला दिलं." मी म्हटलं, तुम्ही शिवणार होतात? ते म्हणाले, "बहीण भावाला देते. भाऊ घरात आणतो. मग घरात जो वापरेल तो वापरेल." आणि हे त्यांनी भांडून नाही सांगितलं, पाणी उताराला जातं असं सांगावं तसं सांगितलं.

तुम्ही घर बदलत होतात तो दिवस मला लख्ख आठवतो. वरची खोली रिकामी झाली होती. खिडकीखाली मशीन तेवढं उरलं होतं. तुम्ही झाकणावरची धूळ पदरानं पुसलीत, तेलाची कुपी खणात ठेवलीत आणि म्हणालात, सुईत दोरा ओवायला आता दिसत नाही, घे. "घे" नंतर एक अक्षर होतं. माझ्या कानात "गं" आहे. हे म्हणतात "रे" होतं, स्वतःच्या कानानं ऐकलंय. काल जेवताना आम्ही दोघं तुमच्या आवाजात ते म्हणून पाहत होतो. घे गं. घे रे. आई म्हणाल्या, "अरे, पण काय घ्यायचं ते तरी सांगा." हसायला आलं, पण मी ताट बाजूला सारलं. नऊ वर्षांचं काम, आणि ते कुणाचं हे एका अक्षरावर येऊन थांबलंय, आणि ते अक्षरही माझ्या हातात नाही, तुमच्या तोंडात होतं.

बाकी सर्व ठीक. तुमच्या वरच्या मजल्यावरची गळती थांबली का? कपाटावर कव्हर पाठवू का? माप कळवा. जिने सावकाश चढा.

तुमची भावजय

ता. क. १. अर्ज सोबत जोडलाय. शेवटच्या पानावर साक्षीदाराची जागा आहे. तिथे नोंदलेल्या मालकाच्या रक्ताच्या नात्यातलं माणूस लागतं. आई चालल्या असत्या, पण त्या "मालक मी" असं शेजारी लिहितील अशी भीती वाटते. तेव्हा सही तुमची हवी. सातव्या प्रश्नाखाली तुमच्या अक्षरात एक ओळ लिहा, मशीन कुणाला दिलंत. पत्र लिहिण्याचं कारण हेच. ते वर यायला हवं होतं हे मला माहीत आहे.

ता. क. २. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. "रे" म्हणाल्या असाल तर "रे" लिहा. मी हस्तांतरणाचा अर्ज भरीन आणि ताडपत्री पलंगावरून नेईन. पण ज्या बाईनं माझ्या पत्रातल्या वेलांट्या सोडल्या नाहीत ती हे मोघम सोडणार नाही, असा मला भरवसा आहे.

ता. क. ३. शनिवार, सकाळ. पत्र टेबलावर उघडंच राहिलं होतं. यांनी चहा पिताना वाचलं, कंसांसकट. शर्टाच्या ठिकाणी हसले नाहीत, साहेबांच्या ठिकाणी पान उलटून पुन्हा मागे आले. मग म्हणाले, "मी तेव्हा वर नव्हतोच. खाली टेम्पोत ताईची कपाटं बांधत होतो." मी विचारलं, मग "रे" कुठून ऐकलंत? म्हणाले, "ऐकलं नाही. तसंच असेल असं वाटलं." उरलेला चहा संपवला. मग पेन मागितलं. "या व्यवसायाचा मालक मी कधीही नव्हतो" असं सगळं लिहिलं, "कधीही" धरून, आणि सही केली. पावणेनऊला डबा घेऊन कामावर गेले.